सोड म्हणेपर्यंत

मैदानावर त्या दोघा भावांना सुई-दोरा म्हणत. थोरला उंच आणि काटकुळा, कंबरेत वाकायचं नाव नाही. धाकटा बुटका, गोलमटोल आणि कायम त्याच्या मागे मागे. थोरला होता तोवर ‘दोरा’ म्हणून हाक मारली की धाकट्याला राग यायचा. थोरला गेल्यावर मात्र कोणी ‘दोरा’ म्हटलं की त्याला बरं वाटायला लागलं. दोरा आहे म्हणजे सुईही कुठेतरी असणारच, असं काहीसं.

काम रेघा मारायचं. फुटबॉलच्या मैदानावरच्या पांढऱ्या रेघा रात्रीतून उगवत नाहीत, कोणीतरी त्या मारतं, हे स्टँडमध्ये बसून घसा फोडणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतं. दोघांनी उभी हयात त्यात घातली. पद्धत साधी होती. मैदानाच्या एका कोपऱ्यात दोरीचं एक टोक दगडाखाली दाबून दोरा आडवा पडायचा, गाल गवताला लावून, एक डोळा मिटून. दोरीचं दुसरं टोक घेऊन दादा पलीकडच्या कोपऱ्यात जायचा. तिथे पोचला की दोरी कमरेइतकी उचलायची, एकदा झटकायची, म्हणजे तिला चिकटलेलं दव आणि गवताच्या काड्या गळून पडतात, मग ती हळूच जमिनीला टेकवायची आणि ताणायची. दोराची नजर दोरीवर खिळलेली असायची. डोकं वर करायचं नाही, हा नियम. डोकं हललं की डोळा चुकतो आणि डोळा चुकला की रेघ चुकते. त्यामुळे पलीकडचा माणूस तयार आहे की नाही हे बघून नव्हे, विचारून कळायचं.

‘‘आहे?’’ दोरा ओरडायचा.

‘‘आऽहे,’’ दादा म्हणायचा. पहिला आ लांबवून, जसं कोणी जांभई देता देता बोलावं.

मग दोरा रंगाची गाडी ढकलत दोरीच्या कडेकडेने निघायचा, खाली चाकाकडे बघत, थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. रेघ पुरी झाली की म्हणायचा, ‘‘सोड.’’ तोपर्यंत दादा टोक सोडत नसे. एकदा मधेच पावसाची सर आली, दोरा पळून छपराखाली गेला, चहा पिऊन आला, तर दादा तिथेच भिजत उभा. ‘‘अरे, आत यायचंस की!’’ ‘‘तू सोड कुठे म्हणालास?’’ ‘सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही,’ हा दादाचा नियम. तो असले नियम स्वतःच करायचा आणि स्वतःच पाळायचा.

तो गेला साध्या तापाने. ताप आहे म्हणता म्हणता आठवड्याच्या आत सगळं संपलं. पुढच्या सामन्याला रेघा मारायला दोरा एकटाच गेला. पलीकडच्या कोपऱ्यात लोखंडी खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, परत येऊन गाल गवताला लावला आणि सवयीने, अगदी सवयीनेच, ओरडला, ‘‘आहे?’’

दोरी कमरेइतकी उचलली गेली. झटकली गेली. हळूच खाली टेकली.

‘‘आऽहे.’’

त्याने डोकं वर केलं नाही. नियमच होता. रंगाची गाडी घेऊन तो दोरीच्या कडेने निघाला, चाकाकडे बघत. कोपऱ्यात पोचला, तेव्हा खुंटी उपटून गवतावर आडवी ठेवलेली होती आणि दोरी तरी ताठ होती. ‘सोड’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला. तो त्याने गिळला. दोरीचं टोक त्याने खाली मान घालूनच हळूच काढून घेतलं, झोपलेल्या माणसाच्या हातातून पुस्तक काढावं तसं.

घरी त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली नाही, वहिनीला सांगितली. वहिनी भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही.

‘‘सोड म्हणालात?’’ तिने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘म्हणू नका,’’ वहिनी म्हणाली. ‘‘एकदा का म्हणालात, की जायचे. त्यांना एकटं राहायची सवय नाही हो.’’

दोन वर्षं अशीच गेली. खुंटी घरीच पडून गंजली. प्रत्येक सामन्याआधी दोरा विचारायचा, पलीकडून उत्तर यायचं, रेघ व्हायची आणि तो शब्द काही तो उच्चारायचा नाही. वहिनी दारात उभी असायची. ‘‘होते?’’ ‘‘होता.’’ एवढं बोलणं झालं की ती आत जायची. घर चाललं होतं.

मधल्या काळात मैदानाचं नशीब फळफळलं. आंतरराष्ट्रीय सामना मिळाला. त्यासाठी जुनं मैदान उकरून काढलं, नवी माती आली, नवं गवत आलं, गोलचे खांब नव्या खड्ड्यांत बसवले. लांबी नियमात बसत नव्हती, म्हणून उत्तरेकडची बाजू चार बोटं मागे सरकवली. छपराला कॅमेरे टांगले आणि त्यांच्याबरोबर एक इंजिनिअर मुलगी आली. तिशीसुद्धा गाठली नव्हती, पायात पुरुषी बूट, गळ्यात तीन-चार वायरी. मैदानाचे साहेब तिला ‘मॅडम’ म्हणायचे आणि माळी लोक ‘कॅमेरेवाली’. ती दोराला पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागली.

तिने त्याला यंत्र समजावून सांगितलं होतं. चेंडू गोलरेषेच्या पुरता पलीकडे गेला की पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. बस. केसभर जरी रेघेवर असला तरी घड्याळ गप्प.

‘‘म्हणजे रेघ माझी आणि शब्द घड्याळाचा,’’ दोरा म्हणाला होता.

‘‘तसंच,’’ ती हसून म्हणाली होती. ‘‘फक्त दोघांचं पटलं पाहिजे.’’

सामन्याच्या दिवशी सकाळी धुकं पडलं. नुसतं पडलं नाही, बसलं. स्टँड दिसेनात, दिव्यांचे खांब अर्ध्यावर कापल्यासारखे झाले. पाहुण्या संघाने मैदानावर येऊन नुसता अंदाज घेतला आणि तो आपसांत काहीतरी बोलत परत गेला. पंचांचा नियम असा, की मैदानाच्या मधल्या ठिपक्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचे गोल दिसले पाहिजेत, नाहीतर सामना नाही. साहेब मधल्या ठिपक्यावर उभे राहून दर थोड्या वेळाने इकडे तिकडे बघत होते आणि धुक्यालाच दम देत होते.

तेवढ्यात कॅमेरेवाली उत्तरेच्या गोलवरून पळत आली.

‘‘काका, जरा येता?’’

गोलच्या तोंडाशी तिने नारिंगी चेंडू ठेवला होता. धुक्यात पांढरा चेंडू दिसत नाही, म्हणून आज नारिंगी. चेंडू पांढऱ्या रेघेच्या पुरता पलीकडे होता, कोणाही आंधळ्याला कळलं असतं. तिने आपल्या मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. घड्याळ गप्प.

‘‘यंत्र बिघडलं?’’ साहेब मागून येऊन म्हणाले.

‘‘मलाही तसंच वाटलं. पहाटेपासून कॅमेऱ्याच्या काचा पुसतेय, सगळं पुन्हा पुन्हा जुळवून बघतेय. दक्षिणेचा गोल बरोबर आहे, उत्तरेचा नाही. शेवटी फीत घेऊन मोजलं.’’ ती दोराकडे बघायचं टाळत होती. ‘‘यंत्र खांब धरून रेघ ठरवतं. रेघ तिरकी आलीय. इथे खांबाशी दोन बोटं आत.’’

दोराने खाली बघितलं. दोन बोटं. ते त्याला आधीच्या सामन्यांतही दिसलं होतं. नव्या मैदानावर दोन-चार गावचे सामने झाले, तेव्हा रेघ खांबाच्या थोडी आत येत होती आणि तो स्वतःशी म्हणत होता, डोळ्यांचं वय झालं. गावच्या पंचांना दोन बोटांचं काय पडलंय?

‘‘दुपारी पंच येऊन तपासणार,’’ साहेबांचा आवाज चढला. ‘‘घड्याळ आणि रेघ जुळली नाही, तर ते यंत्र बंद करायला सांगतील. या धुक्यात यंत्राशिवाय? दोन देशांचे संघ, दोन देशांचे टीव्ही, आणि गोल झाला की नाही ते कोणाला विचारायचं, तुला?’’

‘‘पुन्हा मारतो,’’ दोरा म्हणाला.

‘‘नीट मार. खुंटी कुठे आहे तुझी?’’

साहेब फोन वाजला म्हणून बाजूला गेले, तशी ती मुलगी जवळ सरकली.

‘‘काका, एक विचारू? रागावू नका. दुसरं टोक कोण धरतं तुमचं?’’

‘‘आहे माझा माणूस.’’

‘‘कालचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.’’

छपराखाली, लोखंडी जिना चढून गेल्यावर तिची छोटी खोली होती. वायरींची वेटोळी, थंड झालेला चहा आणि भिंतभर पडदे. तिने कालची सकाळ लावली. वरून दिसणारं हिरवं मैदान. खालच्या कोपऱ्यात दोरा, गाल गवताला लावून आडवा. त्याच्यापासून निघालेली दोरी, सरळ पलीकडच्या कोपऱ्याकडे. आवाज नव्हता. पडद्यावरच्या दोराचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग दोरीचं पलीकडचं टोक जमिनीवरून उठलं. कमरेइतकं वर आलं. झटकलं गेलं. दवाचे थेंब उडाले, तेही दिसले. आणि ते खाली टेकलं. त्या टोकाशी कोणी नव्हतं.

‘‘मी म्हटलं कॅमेरा चुकतोय,’’ मुलगी हळू आवाजात म्हणाली. ‘‘म्हणून त्याच कॅमेऱ्याच्या मागे लागले. पण दुसऱ्या कॅमेऱ्यातही हेच. तिसऱ्यातही.’’

दोरा ऐकत नव्हता. आजवर त्याने कधी डोकं वर केलं नव्हतं, त्यामुळे हे तो पहिल्यांदा बघत होता. आणि त्याला जे दिसलं ते मुलीला दिसलं नव्हतं. कोपऱ्याचं निशाण जिथे रोवलेलं होतं, तिथे दोरीचं टोक टेकलेलं नव्हतं. चार बोटं आत टेकलं होतं. तिथे आता नुसतं गवत होतं. पूर्वी तिथे कोपरा होता.

दादा जुन्या कोपऱ्यावर उभा होता. मैदान सरकलं, ते तो गेल्यावर. त्याला कोण सांगणार होतं?

जिन्यात उभं राहून दोराने घरी फोन लावला.

‘‘वहिनी, कोपरा सरकलाय आणि त्याला ते माहीत नाही. सांगावं लागेल.’’

पलीकडे नळाचं पाणी वाजत होतं. ते बंद झालं.

‘‘कधी सरकला, असं विचारतील ते,’’ वहिनी म्हणाली.

‘‘तेच ना.’’

‘‘मग सांगावंच लागणार सगळं. त्यांना अजून कळलेलं नसेल.’’ तिने नळ पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. ‘‘दुसऱ्या कोणाला धरायला सांगितलं, तर नाही का चालणार?’’

‘‘साहेबांना सांगता येईल. पण वहिनी, दादाही धरणारच ना? एका दोरीला दोन टोकं कशी होतील तिकडे?’’

‘‘मग सांगा,’’ वहिनी म्हणाली. ‘‘पण एकदम नका सांगू. आणि... राहू दे. जा तुम्ही.’’

खाली आला तर साहेब बाह्या सरसावून उभे. ‘‘चल, मी धरतो टोक. ती चुकीची रेघ हिरव्या रंगाने पुसून घेतलीय पोरांनी.’’

‘‘साहेब, थोडं थांबा. मला एकट्याला जाऊ द्या.’’

‘‘एकट्याला काय करायचंय धुक्यात?’’

‘‘जाऊ द्या ना, सर,’’ मुलगी म्हणाली. तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की साहेब खरंच थांबले.

दोराने एक टोक नव्या कोपऱ्याशी दगडाखाली दाबलं आणि भेंडोळं उलगडत तो निघाला. दहा पावलांत मागचे लोक दिसेनासे झाले. गोल आला, त्याची जाळी ओली होऊन कोळ्याच्या जाळ्यासारखी लोंबत होती, मग तीही मागे पडली. पुढे काही नव्हतं, नुसतं पांढरं. आणि त्याच्या हातातलं भेंडोळं आपोआप सुटायला लागलं. कोणीतरी पुढून दोरी ओढून घेत होतं, घाई न करता, हातावर हात टाकत. दोरा त्या दोरीमागे चालत राहिला. आयुष्यभर तसाच चालला होता.

दोरी थांबली. समोर कमरेइतक्या उंचीवर तिच्या टोकाची गाठ हवेत होती. त्याने मान खाली घातली.

‘‘दादा.’’

दोरी जराशी हलली. हूं म्हटल्यासारखी.

‘‘कोपरा हा नाही. कोपरा सरकलाय. चार बोटं मागे.’’

‘‘कधी?’’

दोन वर्षांत त्या आवाजाने एकच शब्द उच्चारला होता. हा दुसरा.

‘‘नवं मैदान घातलं ना, तेव्हा.’’

‘‘मी कुठे होतो?’’

‘‘तू... नव्हतास.’’

‘‘असं कसं? मी इथेच तर आहे. तू सोड कुठे म्हणालास?’’

गवतावरून पाणी ओघळल्याचा बारीक आवाज येत होता. दूर कुठेतरी साहेब कोणावर तरी खेकसत होते. दोराने बुटांच्या टोकांकडे बघत सांगून टाकलं. ‘‘तुला ताप आला होता, दादा. आठवतो का ताप? त्या तापात तू गेलास. मी होतो उशाशी. वहिनी होती.’’

त्याला वाटलं आता दोरी पडेल. पडली नाही. धुकं मात्र त्या जागी दाट झालं, कोणीतरी मोठा श्वास आत घ्यावा तसं.

‘‘बरं,’’ दादा म्हणाला.

कुठलीही गोष्ट सांगितली की तो असंच म्हणायचा. पगार उशिरा होणार, बरं. मुलाने नोकरीसाठी परगाव धरलं, बरं.

गाठ हवेतल्या हवेत मागे सरकली. ‘‘बघ. एवढं?’’

‘‘अजून थोडं. बास.’’

दोरा परत फिरला, गाल गवताला लावला, डोळा मिटला. ‘‘आहे?’’

‘‘आऽहे.’’

रेघ त्याने स्वतःच मारली. गाडीचं चाक कुरकुरत होतं. गोलच्या तोंडाशी रेघ खांबाला अशी चिकटून गेली की मधे नख शिरलं नसतं. तो कोपऱ्यात पोचला. मान खाली. दोरी ताठ होती आणि थरथरत होती. इतक्या वर्षांत कधी थरथरली नव्हती.

‘‘सोडू?’’ दादाने विचारलं.

असं विचारायची पद्धत नव्हती. विचारायचं दोराने, सांगायचंही दोराने. त्याला वहिनी आठवली, दारात उभी राहून ‘होते?’ म्हणणारी. आज तिला काय सांगायचं? मग त्याला पावसात भिजत उभा असलेला माणूस आठवला. एका शब्दासाठी. त्या वेळी चहा पिऊन होईपर्यंत, आणि आता दोन वर्षं.

‘‘सोड,’’ दोरा म्हणाला.

दोरी पडली. नुसती सैल झाली नाही, मेल्यासारखी पडली. त्याने डोकं वर केलं. धुकं, निशाण आणि निशाणापलीकडे जाहिरातींच्या ओल्या फळ्या.

दुपारी पंच आले. मधल्या ठिपक्यावर उभे राहिले, दोन्ही गोल जेमतेम दिसले. उत्तरेच्या गोलात त्यांनी चेंडू सरकवला, घड्याळ थरथरलं. त्यांनी मान डोलावली. साहेबांनी दोराच्या पाठीत आनंदाने एवढी जोरात थाप मारली, की तो पुढे गेला.

सामना बराच वेळ कोरडा चालला. प्रेक्षकांना खेळ दिसत कमी होता, ऐकूच जास्त येत होता. शेवटी शेवटी उत्तरेच्या गोलसमोर गर्दी झाली, नारिंगी काहीतरी उडालं, खांबाला लागून आत पडलं आणि गोलरक्षकाने ते मागे हात घालून बाहेर काढलं. गोल की नाही? शेजारचा सहायक पंच धुक्यात डोळे ताणून बघत होता आणि त्याचा चेहराच सांगत होता, की त्याला काही दिसलेलं नाही. मुख्य पंचांनी मनगटाकडे बघितलं आणि शिटी वाजवली. गोल.

मोठ्या पडद्यावर यंत्राने काढलेलं चित्र आलं. स्वच्छ हिरवं मैदान, पांढरी रेघ, पांढरे खांब, एक चेंडू, आणि चेंडू व रेघेच्या मधे बारीकशी फट. यंत्राच्या चित्रात धुकं नव्हतं. माणसंही नव्हती. ना गोलरक्षक, ना पंच. रेघ तेवढी सरळ कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि कोपरा रिकामा होता. चाळीस हजार लोक नाचत होते आणि दोरा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसला.

घरी वहिनी दारात होती.

‘‘सांगितलंत?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘बरं म्हणाला.’’

वहिनी हसली. पदराने तोंड झाकून खूप हसली, मग पदर तसाच तोंडावर राहिला. त्या दिवसापासून ती दारात उभी राहिली नाही.

पुढच्या सामन्याआधी साहेबांनी मदतीला एक माळी दिला. माणूस बोलघेवडा, पण नजर तीक्ष्ण. म्हणून डोळा लावायचं काम त्याच्याकडे आणि टोक धरायचं दोराकडे. दोरा त्याला ‘आहे’ आणि ‘सोड’ हे शब्द समजावून सांगायला लागला, तर तो म्हणाला, ‘‘कळलं हो काका, रेघच तर मारायची आहे. त्यात काय शिकायचंय!’’

स्वच्छ ऊन पडलं होतं. दोरा आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या कोपऱ्यात टोक धरून उभा राहिला. दोरी उचलली, झटकली, टेकवली.

‘‘आऽहे?’’ तिकडून हाक आली.

‘‘आहे,’’ दोराने उत्तर दिलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. हाकेतला आ लांबवलेला होता. जांभई दिल्यासारखा.

माळी गाडी ढकलत, आपल्या मेव्हण्याच्या लग्नाबद्दल बोलत बोलत कोपऱ्यात पोचला. ‘‘झालं. चला, दुसरी बाजू.’’

‘‘मघाशी तू काही विचारलंस का रे?’’

‘‘मी? छे. मी म्हणणारच होतो, तयार का, तेवढ्यात तुम्हीच आहे म्हणालात.’’ माळ्याने गाडी वळवली. ‘‘चला की, काका.’’

दोराने मूठ उघडून बघितली नाही. दोरी ताठ होती. पलीकडच्या टोकाशी, जिथून माळी टोक मोकळंच टाकून उठून आला होता, तिथून कोणीतरी ती धरली होती, व्यवस्थित, जोर न लावता.

‘‘तू हो पुढे,’’ तो म्हणाला.

माळी खांदे उडवून निघून गेला. दोरा मान खाली घालून उभा राहिला. सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही. दादा म्हणेल. तो काही दोरासारखी दोन वर्षं लावणार नव्हता.